पुलाखालच्या दारावरची पाटी

फोन वाजला तेव्हा मी न्हाणीघरातल्या यंत्राला उत्तर देत होते. आमच्या इमारतीत घरोघरी ते यंत्र आहे. टबातलं पाणी तापलं की त्यातली बाई गोड आवाजात सांगते, 'पाणी तयार आहे.' इतकी वर्षं ती सांगत होती आणि मी मुकाट्याने ऐकत होते, पण त्या संध्याकाळी माझ्या तोंडून निघून गेलं, 'हो, आले हं.' आणि मग टॉवेल हातात धरून मी तिथेच उभी राहिले. भीती नाही वाटली, शरम वाटली. भाजीवालीशी जास्तीचं बोलून बसावं आणि मागच्या गिऱ्हाइकाने घसा खाकरावा, तशी. पण मागे कोणी नव्हतं. दिवसभरात आपण आणखी कोणाशी बोललो का, हे मी आठवायला लागले. कोपऱ्यावरच्या दुकानात हल्ली गल्ल्यावर माणूस नसतं. मुलगा फुकुओकाला असतो, रविवारी नातवाचा फोटो पाठवतो, मी उलट एक फुलाचं चित्र पाठवते, झालं आमचं बोलणं. शिगेकी, माझा नवरा, तोही काही बोलका नव्हता. पण त्याला गप्प राहायला समोर मी लागत असे. तो गेल्यावर तेवढंही उरलं नाही. आणि इतक्यात फोन वाजला.

"मित्सुए का? तोकुजी बोलतोय. कुझुतानीहून."

तोकुजी म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा, हिसाओदादाचा, शाळेपासूनचा सोबती, आणि आता आमच्या गावातल्या गरम पाण्याच्या कुंडाच्या मंडळाचा म्होरक्या. दादाच्या अंत्यविधीला, ऐन उन्हाळ्यात, आम्ही शेवटचं भेटलो होतो.

"थंडी पडली का तिकडे?" त्याने विचारलं.

"अजून तशी नाही, तोकुजीभाऊ."

"इकडे डोंगरमाथ्यावर बर्फ दिसायला लागला." मग तो थांबला. आमच्या गावातली माणसं थांबतात तेव्हाच खरं ते बोलत असतात, हे मी विसरले होते. "काय आहे, पुलाखालच्या दारावर पाटी आली आहे."

पुलाखालचे म्हणजे आम्ही. गावात आडनावाने कोणी कोणाला ओळखत नाही. अर्धं गाव करासावाच आहे. घर जिथे असेल त्यावरून हाक पडते.

"कोणी लावली?"

"वळणावरच्यांनी. शंभर दिवस झाले ना. रीतीप्रमाणे लावली त्यांनी, त्यांचं काही चुकलं नाही." पुन्हा थांबला. "तशी घाई काही नाही. पाणी वाहतंच आहे. पण पुलाखालचं कोणीतरी यायला हवं, असं सगळ्यांच्या मनात आहे."

'येते,' मी म्हणाले. विचारही न करता म्हणाले. टबातलं पाणी त्या दिवशी तसंच गार झालं.

पाटी म्हणजे तळहाताएवढी लाकडी फळी, वर दोरीचा फास. ती ज्या घराच्या खिळ्यावर असेल त्याने पहाटे गावाच्या कुंडाचं बूच काढायचं, पाणी सोडून द्यायचं, फळ्या घासायच्या, गंधकाचा थर खरवडायचा, पुन्हा बूच बसवायचं, आणि दिवस मावळायच्या आत पाटी पुढच्या घराच्या खिळ्यावर लावायची. एक दिवसाआड पाटी पुढे सरकते. माझ्या लहानपणी ती परत दारात येईपर्यंत फुलं फुलून गळून जात. आता घरं कमी झाली, पाटी लवकर फिरते. ज्या घरात माणूस गेलं त्याला शंभर दिवस वगळतात. शंभर दिवस सरले की पाटी येते. आत माणूस आहे की नाही, हे पाटी बघत नाही. आणि वळणावरच्यांनी तरी काय करावं? रिकामं घर ओलांडून पाटी पुढे लावायची म्हणजे आपल्या हाताने ते घर पुसून टाकायचं. मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण? तेव्हा त्यांनी पाटी माझ्या मेलेल्या भावाच्या दारावर लावली, नमस्कार केला आणि घरी गेले. आणि मग कुंड कोणीच घासलं नाही. दुसऱ्याच्या पाटीवर हात टाकायचा नसतो. सगळं गाव रोज त्या पाण्यात बसत होतं, फळ्या बुळबुळीत होत होत्या, कोणी चकार शब्द काढत नव्हतं. अळीमिळी गुपचिळी. मला गाडीत बसल्यावर हे सगळं डोळ्यांपुढे आलं आणि मी एकटीच हसले. शेजारच्या मुलीने कानातलं यंत्र आणखी घट्ट बसवलं.

पण हसू फार टिकलं नाही. स्टेशनावर मी मिठाईचे डबे घेतले होते, प्रत्येक घराला एक. डबे मांडीवर घेऊन बसले आणि मनात एकच गोष्ट फिरायला लागली: माझा मेलेला भाऊसुद्धा तिथे मोजला जातो. त्याच्या दारावरून कोणी पुढे जात नाही. आणि मी? आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर एक गृहस्थ राहायचे. ते गेल्याचं लोकांना कळलं ते जिन्यात वास यायला लागल्यावर. तोवर आम्ही सगळे त्यांच्या दारावरून रोज ये-जा करत होतो. मीसुद्धा. त्यांचं नाव मला त्यांच्या टपालपेटीवरून माहीत होतं, चेहरा आठवत नव्हता. उद्या मी टबातून उठलेच नाही तर ती यंत्रातली बाई आणखी एकदा सांगेल, पाणी तयार आहे, आणि मग तीही गप्प होईल. बोगद्यामागून बोगदे जात होते, काचेत माझाच चेहरा येत होता, आणि मी ठरवून टाकलं. पाटी आली आहे तर घेऊ. घर उघडू. राहायला येऊ. कोणीतरी यायला हवं असं सगळ्यांच्या मनात आहे म्हणे! इतक्या वर्षांत माझ्याबद्दल कोणाच्या मनात इतकं काही आलं नव्हतं.

बस पुलापाशी थांबली. गंधकाचा वास आला तसं आईचं ओरडणं आठवलं. मी लहान असताना कुंडाचं पाणी सोसेना म्हणून गार पाण्याचा नळ हळूच अर्धा फिरवला होता, तर चार बायकांदेखत आईने पाठीत धपाटा घातला. 'पुलाखालच्या पोरीला पाणी बोचतं?' गार नळ पाहुण्यांसाठी. गावच्या माणसाने पाणी आहे तसं अंगावर घ्यायचं. मी ओठ चावून गळ्यापर्यंत बसले होते, आणि बाजूच्या बायका माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं करत होत्या. त्या वेळी राग आला होता, आता बसमधून उतरताना तो धपाटा फार जवळचा वाटला.

पाटी खिळ्यावर होती. दार उन्हाळ्यापासून बंद. आत दादाची चादर घडी करून ठेवलेली, चुलीपाशी चहाचा एकच पेला पालथा. दादाने लग्न केलं नाही. मी तिकडे शहरात नवरा, मुलगा, फर्निचर यांच्या मधोमध बसून त्याची कीव करत असे. बिचारा एकटा, डोंगरात, म्हणत असे. शिगेकी म्हणायचा, 'तुझा भाऊ मला कधी बिचारा वाटला नाही.' मला तेव्हा वाटे, याला काय कळतंय.

दुसऱ्या दिवशी उजाडलं तशी मी कुंडघरात गेले. बूच काढलं. पाणी घुसमटत, गुरगुरत गेलं आणि तळाच्या फळ्या उघड्या पडल्या, शेवाळलेल्या. गुडघ्यावर बसून घासायला सुरुवात केली. सुरुवातीला कंबर बोलली, मग खांदे बोलले, मग सगळंच बोलायला लागलं तेव्हा ऐकणं सोडलं. हातांना मात्र सगळं येत होतं. फळीच्या लांबीने घासायचं, आडवं नाही. खरवडलेलं पन्हळीखाली नाही टाकायचं, बाहेर. हे मला कोणी कधी शिकवल्याचं आठवत नाही. आईच्या मागे बसून बघितलं असेल. काम करता करता मी चक्क गुणगुणत होते. बूच बसवलं, पन्हळीची फळी काढली, वाफाळलेलं पाणी खळाळत आत यायला लागलं, आणि मला वाटलं, जमतंय की! पुढच्या वेळी कंबरेला पट्टा बांधून येऊ.

कुंड भरेपर्यंत दुपार झाली. पाण्यात किनुयो होती, टोफूवाल्यांची सून. आता ती स्वतः सासू झाली आहे, पण गावात सूनच. मला बघून ती पाण्यात बसल्या बसल्या कमरेतून वाकली. "अगबाई, मित्सुएताई! किती कष्ट पडले तुम्हाला. एवढ्या लांबून येऊन. पाणी कसं लख्ख झालंय!"

"उशीर झाला पण. तुम्हा सगळ्यांना त्रास झाला."

"छे छे, त्रास कसला! आम्हाला तर कळलंही नाही." हे म्हणताना ती मांडी खाजवत होती.

मी अंगावर पाणी घेतलं, मग पाय बुडवला. भाजलं. आत उतरले तसा श्वास अडकला. शहरातल्या टबाने माझी कातडी पार पाहुण्याची करून टाकली होती. किनुयोच्या लक्षात आलं. ती हळूच म्हणाली, "ताई, तो गार नळ सोडा ना थोडा. तुम्हाला चालतं."

तुम्हाला चालतं. किती मायेने म्हणाली ती. मला आत कुठेतरी लागलं, पण तेव्हा कळलं नाही का लागलं ते. मी नळाला हात लावला नाही. गळ्यापर्यंत बसले. कान लाल झाले असणार, कारण किनुयो माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं करायला लागली.

मग ती दादाबद्दल बोलली. "हिसाओदादा आले की आधी बाहेर खोकायचे. खोकला नव्हे तो, वर्दीच. की बायकांच्या बाजूच्या गप्पा बंद! एकदा माझ्या सासूबाईंनी भिंतीपलीकडून ओरडून विचारलं, काय हो पुलाखालचे, मेलात की काय, आज खोकला नाही तो? तर म्हणाले, खोकला घरी विसरलो, म्हातारे, जाऊन आणू का?" ती हसली, मग तोंडावर पाणी मारलं. "त्या दिवशी संध्याकाळ झाली तरी आले नाहीत. तोकुजीभाऊंनी लगेच दार उघडलं. अंग गरम होतं हो अजून. एकटे नव्हते ते, ताई. आम्ही सगळे होतो."

मी रडले. पाण्यात रडलेलं कळत नाही म्हणतात, पण कळतं. दादासाठी रडले असं किनुयोला वाटलं असेल, आणि तिला तसं वाटलं ते बरं झालं. मला दादाचा हेवा वाटत होता. मेलेल्या भावाचा, त्याच्या खोकल्याचा. आपल्यालाही इथे कोणीतरी भिंतीपलीकडून ओरडून विचारावं, मेलात की काय. एवढंच हवं होतं. यापेक्षा जास्त मला काहीही नको होतं.

दुपार कलायला लागली तशी पाटी रुमालात गुंडाळून मी तोकुजीभाऊकडे गेले. खरं तर पाटी पुढच्या दारी लावायची, म्होरक्याकडे न्यायची नसते. पण राहायला येते आहे हे आधी त्याला सांगावं, मग लावावी, असं मनात होतं. तो माझी वाटच बघत होता. स्वच्छ सदरा घातलेला, चहा तयार, मुळ्याच्या पाल्याचं लोणचं बशीत मांडलेलं. मी बसले तसा तो दोन्ही हात चटईवर टेकून वाकला, डोकं जवळजवळ टेकवलं.

"मित्सुए, फार मोठं काम केलंस. तुझ्यामुळे पुलाखालचं घर रीतीने सुटलं."

"सुटलं?"

"म्हणजे," तो पेल्याकडे बघत म्हणाला, "घराने पाटीच्या फेऱ्यातून बाहेर पडायचं तर शेवटचं घासणं घरच्याच माणसाने करायचं, आणि पाटी माझ्या हातात आणून द्यायची. पुढच्या दारावर लावली की घर फेऱ्यात राहिलंच. ते आम्ही परस्पर कसं करणार? हिसाओच्या पाठीमागे असं करणं बरं दिसलं नसतं. आणि तुला उघड उघड सांगणं तर त्याहून वाईट. म्हटलं, तू इथलीच आहेस, तुला बरोबर कळेल. आणि कळलंच बघ. पाटी घेऊनच आलीस."

मी लोणच्याचा तुकडा उचलला होता, तो तोंडात घातला आणि चावत राहिले. लेकी बोले सुने लागे, म्हणतात. इथे सुनेला लागलंच नव्हतं. सून आपली मिठाईचे डबे घेऊन, नाचत, राहायलाच आली होती. 'घाई नाही' म्हणजे लवकर ये. 'कोणीतरी यायला हवं' म्हणजे येऊन दार लाव. माझ्या आईला हे फोन कानाला लावायच्या आधी कळलं असतं. मला 'तुम्हाला चालतं' ऐकूनसुद्धा कळलं नव्हतं.

"तोकुजीभाऊ," मी म्हणाले, "मी राहायला आले तर?"

त्याने माझ्याकडे बघितलं. वाईट नव्हतं त्याच्या मनात, हे आजही सांगते. त्याचे डोळे क्षणभर मऊ झाले, मग तो खिडकीतून आमच्या घराच्या छपराकडे बघायला लागला.

"बघू," तो म्हणाला. "सगळ्यांशी बोलू. थंडीत छपरावरचा बर्फ पुरुषभर चढतो, मित्सुए. हिसाओ स्वतः काढायचा, आणि वर दोन म्हाताऱ्यांचाही काढायचा. आता काढणारे आम्ही चार, चौघांचेही गुडघे गेलेले. तुला उगाच त्रास." आणि मग, अगदी हळू, "बघू."

हे 'बघू' मला कळलं. तेवढी भाषा अजून येत होती. मी एक छप्पर होते, बर्फासकट. गावाला आणखी एक छप्पर नको होतं. त्यांचं चूक म्हणावं तरी कसं? मी त्यांच्या जागी असते तर मीही लोणचं मांडून बसले असते.

त्याने दोन्ही हात पुढे केले, ओंजळीसारखे. पाटी घ्यायला. मी रुमाल सोडला. फळी गुळगुळीत होती, कितीतरी हातांनी झालेली, तिच्यावरचं अक्षर झिजून गेलेलं. ती देऊन टाकायची आणि शेवटच्या बसने जायचं, इतकं सोपं होतं सगळं. सगळे पुलापर्यंत पोचवायला आले असते. किनुयोने टोफू बांधून दिला असता. सगळे वाकले असते आणि बस वळेपर्यंत हात हलवत उभे राहिले असते, पाहुण्यासाठी राहतात तसे.

"ही पुढच्या दारी लावायची असते," मी म्हणाले.

"मित्सुए."

"दिवस मावळायच्या आत लावायची असते ना, तोकुजीभाऊ? मग जाते मी."

 त्याचे हात तसेच पुढे होते. मी चपला घातल्या, तरी पाठीमागे पेला उचलल्याचा आवाजही आला नाही. असा उद्धटपणा मी आयुष्यात केला नव्हता.

पुढचं दार अक्रोडाखालच्यांचं. तिथे फुसाआजी एकटी राहते, नव्वदीला आलेली. तिच्या तोंडाला लागू नये असं दादा म्हणायचा. चढण फार नाही, पण मी दोनदा थांबले. पाय मागे ओढत होते. वाटलं, कोणाच्या गळ्यात पडायला निघालो आहोत आपण? जिथे नको म्हटलं तिथे मुद्दाम खिळा शोधत जाणारी ही कोण बाई? पण परत वळायचं म्हणजे त्या जिन्यात परत जायचं, त्या दारांमधून, जिथे कोणी 'नको'सुद्धा म्हणत नाही. खिळा दाराच्या डाव्या बाजूला होता. मी पाटी लावली, ती लाकडावर आपटून टक्क वाजली. नमस्कार केला. वळले तोच दार सरकलं.

"कोण ते?"

"पुलाखालची."

"पुलाखालचा तर मेला."

"मी त्याची बहीण. मित्सुए."

ती बाहेर आली, वाकून पार अर्धी झालेली. मान तिरपी करून तिने पाटीकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा पाटीकडे. मला वाटलं आता ती पाटी काढून माझ्या हातात देणार.

"ही आणायची वेळ आहे?" ती म्हणाली. "आठवडा होऊन गेला! घाणीत बसवलंत सगळ्यांना. बाकीचे तोंड शिवून बसले, लाजाळूची झाडं मेली. माझी पाठ सोलून निघाली खाजवून खाजवून. तुझ्या आईच्या वेळी असं झालं नव्हतं कधी."

"चुकलं, आजी."

"चुकलं म्हणून फळ्या स्वच्छ होतात होय? आता गेले होते मी कुंडात. उत्तरेच्या कोपऱ्यात शेवाळ आहे तसंच. दिसत नाही तुला? की गुडघे टेकायला लाज वाटते शहरवालीला?"

"पुढच्या वेळी—"

"पुढच्या वेळचं पुढच्या वेळी. हे कोण काढणार, मी? पाटी माझी उद्यापासून. आजचं शेवाळ तुझं."

आणि तिने दार लावून घेतलं.

शिगेकी गेल्यापासून मला कोणी रागावलं नव्हतं. सगळे म्हणायचे, काळजी घ्या, जपून राहा, असू द्या. मी अक्रोडाखाली उभी राहून दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. उजेड अजून थोडा होता. खाली तोकुजीभाऊ आपल्या दारात उभा होता, त्याने मला बघितलं आणि मी त्याला, आणि दोघांपैकी कोणीच वाकलं नाही. बस सुटायला अवकाश होता. मी उतरून सरळ कुंडघरात गेले, बाह्या वर केल्या, आणि उत्तरेच्या कोपऱ्यात त्या कढत पाण्यात कोपरापर्यंत हात घालून ब्रश चालवायला लागले.